शिळा गोल

"त्यांना नको बोलवायला. ते असले की माणसाला सैल बसता येत नाही हो."

हे वाक्य चौथ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना जिन्यात सांगितलं आणि जिन्याच्या वळणावर दुधाची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या तराजूरावांनी ते अथपासून इतिपर्यंत ऐकलं. तराजूराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. पण वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर असलेल्या माणसाला इमारतीतले लोक पाठीमागे दुसरं काय म्हणणार? फुटबॉलचा अंतिम सामना आठवड्यावर आला होता, तो बघायला दंतवैद्यांकडे सगळी मंडळी जमणार होती आणि त्या मंडळींत आपण नाही, एवढं तराजूरावांना त्या एका वाक्यात कळलं.

वाक्य खोटं नव्हतं, हे त्यातलं खरं दुखणं. तराजूराव दुकानात शिरले की दुकानदार काट्यावरचा हात काढून खिशात घालायचा. पेट्रोलपंपावरची पोरं टोप्या सरळ करायची. एका वाढदिवसाला केक कापणाऱ्या बाई यांच्याकडे बघून अशा गडबडल्या की त्यांनी प्रत्येक तुकडा दोनदा कापला. यांनी बिचाऱ्यांनी फक्त "छान कापताय" एवढंच म्हटलं होतं. आता चेहराच कायम तपासणीला आल्यासारखा असला तर माणसाने करायचं काय?

घरी येऊन त्यांनी दूध ओट्यावर ठेवलं आणि जाहीर केलं, "फायनल आपल्याकडे. अगदी मोकळंढाकळं. पाचसात माणसं."

"कसली फायनल?" बायकोने विचारलं.

"फुटबॉलची."

"तुम्हाला फुटबॉल कळतो?"

"कळायचं काय त्यात? बघायचा असतो."

बायकोने गॅस बारीक केला. लग्न झाल्यापासून तिने यांना सोफ्यावर पाठ टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं. हा माणूस झोपतसुद्धा सरळ रेषेत. पण यांच्या मानेवरची शीर उडताना दिसली, तेव्हा काहीतरी लागलंय हे तिने ओळखलं.

यंत्रसामग्रीसाठी मेहुण्याला पाचारण करण्यात आलं. मेहुणा हा इसम प्रत्येक घरात कुठल्या ना कुठल्या यंत्राच्या निमित्ताने शिरतो आणि जेवून जातो. त्याने प्रोजेक्टर आणला, बहिणीची ठेवणीतली पांढरी चादर भिंतीवर ताणून लावली आणि केबलची वायर तुच्छतेने बाजूला केली. "भावजी, केबल आता कोण बघतं? सगळं नेटवरून येतं. भिंतीएवढा माणूस दिसेल, घाम मोजून घ्या."

भिंतीएवढ्या पडद्याची बातमी जिन्यातून वर गेली आणि दंतवैद्यांचा बेत बारगळला. म्हणजे डॉक्टरांनी थोडी कुरकुर केली, पण त्यांच्या बायकोने "बरं झालं, माझा गालिचा वाचला" म्हणून परस्पर होकार कळवून टाकला.

आता सैलपणाची तयारी. ती तराजूरावांनी अत्यंत काटेकोरपणे केली. जमिनीवर टाकायला गाद्या, टेकायला लोड, लोडांमध्ये सारखं अंतर. स्वतःसाठी त्यांनी एक फुलाफुलांची अर्धी चड्डी विकत आणली आणि तिला इस्त्री करून घेतली. इस्त्रीवाल्याने घडी कुठे पाडू विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पडेल तिथे पडू दे," आणि मग राहवलं नाही म्हणून ती पडेपर्यंत तिथेच उभे राहिले.

सेक्रेटरी हा गृहस्थ सोसायटीची नियमावली उशाला घेऊन झोपणारा. तो दुसऱ्याच दिवशी दारात हजर.

"साहेब, किती माणसं?"

"पाचसात. फार तर बारा."

"बारा! मग जमत नाही. दहाच्या वर माणसं एका खोलीत जमली की ती सभा होते."

"अहो, सामना बघायचाय."

"बघा ना. पण सभेला अध्यक्ष लागतो, विषयपत्रिका लागते. विषय एक, सामना. विषय दोन, ऐनवेळचे विषय. अध्यक्ष म्हणून कुणी नसेल तर मी आहेच."

नियमाच्या माणसाला नियमाने गाठलं की त्याची बोलती बंद होते. तराजूरावांनी मुकाट्याने अध्यक्षपद देऊन टाकलं.

रंगीत तालीम म्हणून उपान्त्य सामना घरच्या घरी लावला. तराजूराव चड्डी घालून लोडाला टेकण्याचा सराव करत होते. चादरीवर आपला एक खेळाडू खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. एवढ्यात खालून कर्णकर्कश शिट्टी वाजली.

तराजूराव पहिल्या मजल्यावर आणि त्यांच्या बरोबर खाली तळमजल्यावर पीटीचे निवृत्त मास्तर. एकटा जीव, सोबतीला एक जुना रेडिओ आणि शाळेतून निवृत्त होताना बरोबर आणलेली शिट्टी.

"मास्तरांना काय झालं?" बायको म्हणाली.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून दंतवैद्य ओरडले, "गोऽऽल!" मग दुसरा मजला ओरडला, तिसरा ओरडला, कुणीतरी ताट वाजवलं. सगळीकडे शांत झाल्यावर चादरीवरचा खेळाडू नाडी बांधून उठला, त्याच्याकडे चेंडू आला आणि त्याने गोल केला. तराजूरावांच्या घरात कुणी हूं की चूं केलं नाही. ओरडण्यासारखं शिल्लक काय होतं?

"नेटवर थोडं मागे असतं भावजी," मेहुणा खारे दाणे चघळत म्हणाला. "चालतं."

चालतं! हा शब्द तराजूरावांच्या कचेरीत आरोपीच्या तोंडी असतो. त्यांनी कपाटातून खात्याचं स्टॉपवॉच काढलं आणि उत्तरार्धात ते इमारतीच्या तपासणीला निघाले. लिफ्ट दुरुस्तीला काढलेली, तेव्हा जिन्याने. दुसऱ्या मजल्यावर एका बाईंनी ओल्या हाताने दार उघडलं.

"तुमच्याकडे गोल कधी झाला?"

"आमच्याकडे टीव्ही बंदच आहे. हे झोपलेत."

"मग तुमचं काही म्हणणं नाही," तराजूराव म्हणाले आणि वर गेले. बाईंनी नवऱ्याला उठवून विचारलं की आपण काय केलंय.

चौथ्या मजल्यावर दंतवैद्यांचं दार उघडंच होतं. डॉक्टर टीपॉयवर पाय टाकून, बनियन वर सरकवून, पोटावर पॉपकॉर्नचं भांडं ठेवून बसले होते. दारात स्टॉपवॉच दिसताच त्यांनी पाय खाली घेतले, बनियन खाली ओढलं आणि भांडं टीपॉयच्या बरोबर मध्यावर ठेवलं. "या ना साहेब," ते म्हणाले. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर तोच भाव होता, काट्यावरून हात काढणाऱ्या दुकानदाराचा.

तपासणीचा निष्कर्ष असा, की सामना सगळ्यांत आधी मास्तरांच्या रेडिओवर होतो, मग डॉक्टरांच्या डिशवर, मग केबलवाल्यांकडे आणि सगळ्यांच्या शेवटी, सगळ्यांचं तोंड पुसून झाल्यावर, तराजूरावांच्या चादरीवर. म्हणजे उभ्या इमारतीत माप कमी कुठे पडतंय, तर खुद्द वजनमापे इन्स्पेक्टरच्या घरात. त्या रात्री जेवताना त्यांनी पोळीकडे नुसतं बघितलं.

"केबल लावा परत," बायको म्हणाली.

"केबल मास्तरांच्या मागेच. शिट्टी आधी वाजणारच."

शेजाऱ्यांकडून सल्ले आले. खिडक्या बंद करा. पंखा मोठा ठेवा. कानात कापूस घाला, असं दंतवैद्य म्हणाले आणि कापूस देण्याची तयारीही त्यांनी दाखवली, त्यांच्याकडे चांगल्यापैकी असतो. तराजूरावांनी स्वतः सुचवलं की ज्यांच्याकडे सामना आधी दिसतो त्यांनी तेवढा वेळ दम धरून मग ओरडावं. सेक्रेटरींनी ते ऐकून घेतलं आणि सांगितलं की आनंद पुढे ढकलायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, आणि सभा आता वर्षअखेरीला.

शेवटी आंघोळ करताना तराजूरावांना उपाय सुचला. ते साबणासकट बाहेर आले. "जो माणूस आपल्या घरात बसलाय, तो त्याच्या घरात ओरडणार कसा? सगळ्या इमारतीला बोलवायचं!"

"म्हणजे ज्यांचे आवाज मोठे ते सगळे आपल्याकडे?" बायकोने विचारलं.

"सगळे!"

"छान," ती म्हणाली आणि ब्रेडच्या किती लाद्या लागतील याचा विचार करत आत गेली.

राहता राहिले मास्तर. तराजूराव त्यांच्याकडे स्वतः गेले. एक खोली, एक खाट, भिंतीला लावलेली लाकडी डंबेल्सची जोडी आणि खिडकीत तो रेडिओ.

"मास्तर, रविवारी वर या. मोठा पडदा आहे."

"पडद्यावर दिसतं ते सगळं होऊन गेलेलं असतं," मास्तर म्हणाले. "मी शिळं बघत नाही."

"मग निदान शिट्टी तरी..."

"शिट्टीचं काय?"

"आमच्या पडद्यावर गोल दिसेपर्यंत वाजवू नका. तेवढी विनंती आहे."

मास्तरांनी शिट्टी गळ्यातून काढली, हातात धरली, पाहिली. एवढी वर्षं त्यांच्याकडे कुणी विनंती घेऊन आलं नव्हतं. "ठीक आहे. तुमच्या पडद्यावर दिसलं असं वरून सांगा, मग वाजवतो. तोपर्यंत तोंडातून अक्षर नाही. शब्द दिला."

रविवार उजाडला तो माणसं घेऊनच. बारा म्हणता म्हणता खोलीत इमारत मावली. कुणाच्या सासूबाई, कुणाचे साडू, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी तर खुर्च्याही बरोबर आणल्या. सोफ्यावर मावतील त्याहून अधिक माणसं बसल्यावर सोफ्याचा एक पाय सरळ बाहेर आला आणि सोफा डावीकडे टेकला, त्यावर बसलेलेही टेकले. बायकोने सँडविचचं ताट फिरवायला सुरुवात केली, ते दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचलं नाही. अध्यक्ष सेक्रेटरींनी उभं राहून मागील सभेचं इतिवृत्त वाचण्याची परवानगी मागितली, तेव्हा मागून कुणीतरी "बसा खाली, गोलकीपर दिसत नाही" म्हणाला.

आणि तरीही सैलपणा काही येईना. तराजूराव फुलाफुलांच्या चड्डीत दारापाशी उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "सैल बसा हं! अगदी सैल!" आणि ते म्हटलं की तो माणूस ताठ व्हायचा. दंतवैद्य मांडीवर हात ठेवून असे बसले होते की जणू आज त्यांचीच दाढ काढायची आहे. त्यांच्या हातातून पॉपकॉर्नचा एक दाणा गादीवर पडला, तर त्यांनी तो उचलून रुमालात बांधला.

"भावजी, तुम्ही आधी बसा," मेहुणा कानाशी कुजबुजला. "तुम्ही उभे, म्हणून सगळे हजेरीला आल्यासारखे."

तराजूराव बसले. पण माणसाला गुडघे घालायचे कुठे हे तरी कळायला हवं! शेवटी त्यांनी मन घट्ट केलं आणि मोकळेपणाचं एक भलं मोठं कृत्य केलं. कुणीतरी दबकत विचारलं, "साहेब, वायफाय आहे का?" त्यावर यांनी पासवर्ड मोठ्याने सांगून टाकला. सगळ्यांना! दोनदा! खोलीत पहिल्यांदाच जरा खसखस पिकली, डॉक्टरही हसले आणि तराजूरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सामना बरोबरीत सुटला. जादा वेळही बरोबरीत. आता पेनल्टी, म्हणजे एकेकाने पुढे होऊन नुसत्या गोलकीपरसमोर चेंडू मारायचा. खोलीतला एकूण एक जीव डोळ्यांत आला. खालून शिट्टी नाही, वरून आरोळी नाही. आपला पहिला खेळाडू धावत आला, त्याने पाय मागे उचलला, आणि तो पाय तसाच राहिला.

चादरीवर त्याच्या पोटापाशी एक पांढरं चक्र फिरू लागलं.

"काय झालं?"

मेहुण्याने वायर हलवली. प्रोजेक्टरवर थाप मारली. मग त्याने मागे वळून पाहिलं. खोलीत जितकी माणसं तितके फोन, आणि प्रत्येक फोन तराजूरावांच्या नेटवर. कुणी दुसऱ्या कोनातून सामना बघतंय, कुणी भाच्याला व्हिडिओवर घेऊन पडदा दाखवतंय. "भावजी, तुमच्या नळाला सगळी इमारत लावलीत," तो म्हणाला.

मग जो गलका उठला तो विचारू नका. फोन बंद करा, चालू करा, बाहेर जाऊन बघा. फोनचं स्वतःचं नेट लावावं तर गावातला जो तो तेच लावून बसलेला असणार, कुठल्याच फोनवर काही उमटेना. वर घरी पळावं तर लिफ्ट बंद, आणि जिने चढून टीव्ही लावेपर्यंत सामना संपायचा. एवढ्यात कुणाला तरी आठवलं. सगळे गॅलरीकडे धावले.

"मास्तर! ओ मास्तर! काय झालं?"

खाली खिडकीत मास्तर दिसत होते. शिट्टी दातांत, रेडिओ कानाशी, चेहरा लालबुंद.

"मास्तर, गोल झाला का?"

मास्तरांनी शिट्टी काढली. "तुमच्या पडद्यावर झाला का?"

"पडदा अडकलाय!"

"मग झाला नाही," मास्तर म्हणाले आणि शिट्टी परत दातांत धरली.

लोक ओरडले, विनवण्या केल्या, सेक्रेटरींनी अध्यक्षीय अधिकारात आदेश काढला. मास्तर जागचे हलले नाहीत. रेडिओतून नुसती गर्दीची गाज वर येत होती, शब्द एक कळत नव्हता. हळूहळू गॅलरीतल्या सगळ्या माना वळल्या आणि चड्डीतल्या तराजूरावांवर येऊन थांबल्या. कारण शब्द कुणाला दिलाय हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

तराजूरावांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. एवढं सगळं केलं ते कशासाठी? या लोकांत मिसळून जावं म्हणून. आणि आता हे सगळे उद्यापासून जन्मभर सांगणार, की या माणसाने फायनल बंद पाडली. ते कठड्यावरून वाकले. "मास्तर, माझी विनंती मी मागे घेतो. सांगा!"

"शब्द असा लांबून परत करत नाहीत," मास्तर म्हणाले. "खाली या. समोर बसा."

वाक्य पुरं व्हायच्या आत इमारत जिन्याकडे लोटली. चपला, खुर्च्या, सासूबाई, सगळं खाली. मास्तरांच्या खोलीत खाटेवर माणसं, खाटेखाली माणसं, डंबेल्सना धरून माणसं. तराजूरावांना भिंत आणि रेडिओचं टेबल यांच्या फटीत लोकांनीच कोंबलं. त्यांनी मास्तरांच्या हातात हात दिला, शब्द परत गेला, आणि मास्तरांनी आवाज वाढवला. आपले तीन, त्यांचे तीन.

खोलीत श्वास घ्यायला जागा नव्हती. आपला चौथा आला. गोल! मास्तरांनी शिट्टी फुंकली, कुणीतरी तराजूरावांच्या पाठीत धपाटा घातला, कुणी घातला हे त्याचं त्यालाही माहीत नसेल. त्यांचा चौथा. गोल. तेवढ्यात तराजूरावांच्या बरगडीत एक कोपर घुसलं.

"अहो, सरका की जरा! खांब आहात का?"

दंतवैद्य होते. कान रेडिओकडे, एक गुडघा तराजूरावांच्या पोटावर. आपण कुणाला बोलतोय हे त्यांनी बघितलंही नव्हतं. साहेब नाही, या-बसा नाही. सरका! ते इतके आनंदाने सरकले की रेडिओ पडता पडता राहिला.

आपल्या पाचव्याने चेंडू आभाळात मारला. त्यांच्या पाचव्याने आभाळात मारला नाही, जाळ्यात मारला. संपलं.

मास्तरांनी रेडिओ बंद केला. सेक्रेटरींनी चष्मा पुसायला घेतला. एक सासूबाई, ज्यांना आपले कोणते हे शेवटपर्यंत कळलं नव्हतं, त्या रडत होत्या. कुणी उठेना, कारण उठायचं तर कुणाचा पाय कुणाचा हे आधी ठरवावं लागलं असतं.

आणि एकदम वरून, बरोबर डोक्यावरून, एक आरोळी आली. "गोऽऽऽल!"

सगळे छताकडे बघू लागले. वर एकटी तराजूरावांची बायको राहिली होती. घर रिकामं झाल्यावर तिने नेटचा डबा एकदा बंद करून चालू केला होता, कलंडलेल्या सोफ्यावर दिवसात पहिल्यांदा बूड टेकलं होतं, आणि चादरीवरच्या खेळाडूने इतका वेळ उचलून धरलेला पाय अखेर मारला होता.

मास्तरांनी शांतपणे शिट्टी तोंडात धरली आणि सणसणीत फुंकली. "पडद्यावर दिसला," ते म्हणाले. "आता वाजवायला हरकत नाही."

आधी दंतवैद्य हसले. मग खोलीने जी आरोळी ठोकली तिने खिडकीची तावदानं हलली. वर दुसरा गोल झाला, खाली दुसरी शिट्टी, दुसरी आरोळी. हरलेली माणसं इतकी खूश कुठे दिसायची नाहीत. तिसऱ्या गोलानंतर बायको धावत गॅलरीत आली.

"अहो!" तिचा आवाज आनंदाने फाटला होता. "जिंकतोय बरं का आपण! जिंकतोय ना?"

सगळ्यांनी तराजूरावांकडे पाहिलं. हा माणूस आयुष्यात कधी तोळाभरही खोटं बोललेला नव्हता, आता खरं काय ते सांगणार आणि मजा संपणार, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी तर गुडघा काढून घेतला, शर्ट खाली ओढला आणि ते सावरून बसायला लागले.

तराजूरावांनी माणसांच्या डोक्यांवरून खिडकीबाहेर मान काढली.

"आपणच!" ते ओरडले. "तू बघत राहा!"

खोली फुटेस्तोवर हसली. मास्तरांना ठसका लागला. डॉक्टर पोट धरून मागे कलंडले, आणि जागा कुठे नव्हतीच, म्हणून त्यांनी आपले दोन्ही पाय उचलून तराजूरावांच्या मांडीवर टाकले.